यूएसबी माईक घेतलाय? मग या चुका टाळा

घोडबंदर रोडला राहून घरी रेकॉर्डिंग करायचं म्हणजे हौसच म्हणायची, खाली ट्रॅफिक, रात्री कंटेनर आणि खिडकीत कबुतरं. पण माझी पहिली दहा-बारा रेकॉर्डिंग वाया गेली ना, त्यात कबुतरांचा काही दोष नव्हता.

मी माईकच्या डोक्यात बोलत होतो. गणपतीत स्टेजवर हातातल्या माईकच्या टोकातच बोलतात, मलाही तेच माहीत. पण ब्लू यतीसारखे टेबलावर उभे राहणारे कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारे) माईक बाजूने ऐकतात, लोगो असतो त्या बाजूने, आणि पॅटर्न (माईक कुठल्या दिशेचं ऐकतो ते) कार्डिऑइडवर, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकण्यावर पाहिजे. माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा म्हणून मी गेन (माईक आवाज किती वाढवून घेतो ते) वाढवत गेलो आणि तिथेच सगळं फसलं, कारण गेन वाढला की तुमच्याबरोबर पंखा, फ्रीज, शेजारच्या काकूंचा कुकर सगळेच वाढतात. उलटं करा. माईक वीतभर अंतरावर घ्या, गेन खाली आणा, आणि तुम्ही जोरात बोललात तरी सॉफ्टवेअरमधला आवाजाचा मीटर उणे 12 ते उणे 6 डेसिबलमध्ये राहू दे. फाटलेला आवाज नंतर धड होत नाही.

आता जवळ आलात की प, फ, भ त्रास देणार. "भाऊ, फक्त पाच मिनिटं" असं बोलून ऐका, भस्सकन हवा आदळते. पॉप फिल्टर (माईकपुढे लावायची जाळी) लावा, नसेल तर माईक तोंडासमोरून थोडा बाजूला सरकवा आणि तुमच्याकडे वळवून ठेवा.

लॅपटॉप माईक ओळखतच नाही? आधी केबल बदला. ड्रॉवरमधली जुनी केबल नुसती चार्जिंगची असू शकते, माईकचा लाईट लागतो आणि आपल्याला वाटतं सगळं ओके आहे. माझा एक पूर्ण रविवार यात गेला, वर मी दुकानदाराशी भांडून आलो ते वेगळंच. रेकॉर्डिंगमध्ये नुसती सरळ रेघ येत असेल तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी बघा. आणि माईकवर नखाने टकटक करा, मग लॅपटॉपवर करा. लॅपटॉपची टकटक मोठी आली तर तुम्ही त्याच्याच माईकवर रेकॉर्ड करताय, इनपुट बदला. ऑडासिटी (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) उघडल्यावर माईक लावला असेल तर रीस्कॅन ऑडिओ डिव्हाइसेस दाबल्याशिवाय तो यादीत दिसत नाही.

स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर हेडफोन माईकच्याच जॅकला लावा आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग (आपलाच आवाज आपल्याला ऐकवणं) बंद करा. ब्लूटूथ इयरफोन यासाठी नकोच.

राहिली खोली. हॉलमध्ये टाइल्स आणि मोकळ्या भिंती, आवाज घुमतोच. मी बेडरूममध्ये कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसतो, पाठीमागे दोरीवर गोधडी (आईला वाटतं मला थंडी वाजते, तेही ठाण्यात). भिंतीला लावायचा फोम घेणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा, तो घुमणं कमी करतो, रस्त्याचा आवाज अडवत नाही, त्यासाठी खिडकीच्या फटी बुजवाव्या लागतात. पंखा बंदच ठेवा, मे महिन्यात दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा. आणि प्रत्येक वेळी सुरुवातीला पाच सेकंद गप्प बसून खोलीचा आवाज रेकॉर्ड करा, ऑडासिटीच्या नॉइज रिडक्शनला तोच नमुना लागतो. पण हात आवरता ठेवा, जास्त लावलंत तर बादलीत तोंड घालून बोलल्यासारखं येतं.