अलास्कातील उन्हाळ्याच्या उत्तरार्धाचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज कसा वाचावा

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचे क्लायमेट प्रेडिक्शन सेंटर दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी पुढील महिन्याचा आणि पुढील तिमाहींचा अंदाज नकाशांच्या रूपात प्रसिद्ध करते. जुलैमध्ये असा नकाशा येतो, त्यात अलास्काचा बराचसा भाग नारिंगी रंगात दिसतो, आणि ऑगस्ट उबदार जाणार असे गृहीत धरून प्रवासाचे, शेतीचे किंवा बांधकामाचे बेत पक्के केले जातात. त्या रंगाचा खरा अर्थ बराच मर्यादित आहे. तो नीट समजून घेतला, तर हाच नकाशा फार उपयोगी पडतो.

सुरुवात रंगापासून करावी. १९९१ ते २०२० या तीस वर्षांतील ऑगस्ट महिने तापमानाच्या क्रमाने मांडले, तर दहा थंड, दहा मधले आणि दहा उबदार असे तीन गट पडतात. काहीच माहिती हाती नसेल, तर येणारा ऑगस्ट यांपैकी कोणत्याही गटात जाण्याची शक्यता ३३ टक्क्यांच्या आसपास असते, आणि नकाशावर पांढऱ्या राहिलेल्या प्रदेशाचा अर्थ नेमका एवढाच आहे. तेथे हवामान सरासरीइतके राहील असा त्याचा अर्थ पुष्कळ जण लावतात, तो चुकीचा आहे. नारिंगी पट्ट्यावर ५० टक्के लिहिलेले असेल, तर उबदार गटाची शक्यता ५० टक्के, मधल्या गटाची ३३ टक्के आणि थंड गटाची सुमारे १७ टक्के धरली जाते. म्हणजे असा ठळक रंग असूनही सहांपैकी एका वेळी ऑगस्ट थंड निघू शकतो. रंग गडद झाला म्हणजे खात्री वाढली. तापमान किती अंशांनी चढेल याविषयी तो काहीही सांगत नाही. अलास्का जगाच्या सरासरीपेक्षा दोन ते तीन पट वेगाने तापत असल्यामुळे नकाशा उबदार बाजूला झुकलेला असणे आता नेहमीचे झाले आहे. म्हणून एखादा प्रदेश पांढरा किंवा निळा, म्हणजे थंड बाजूला झुकलेला, दिसला, तर माझ्या मते त्याकडे अधिक लक्ष द्यावे.

दुसरी पायरी सरासरीची आहे, आणि बहुतेक चुका येथेच होतात. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात अलास्काची सरासरी एका जागी थांबत नाही, ती वेगाने उतरत असते. अलास्काच्या अंतर्भागातील फेअरबँक्स शहराचे सरासरी तापमान जुलैमध्ये सुमारे १७ अंश सेल्सिअस, ऑगस्टमध्ये सुमारे १४ आणि सप्टेंबरमध्ये सुमारे ८ अंश असते, तर ऑगस्टमध्ये तेथील दिवस रोज सुमारे सात मिनिटांनी लहान होतो. सरासरीपेक्षा दोन अंशांनी उबदार असलेला सप्टेंबरदेखील म्हणूनच जुलैच्या तुलनेत चांगलाच थंड असतो. जुलै-ऑगस्ट-सप्टेंबर असा तिमाही अंदाज वाचताना तर अधिकच सावध राहावे, कारण अंतर्भागात या तीन महिन्यांत भर उन्हाळा, पावसाळी दिवस आणि पानगळ असे तीन वेगळे काळ येतात आणि नकाशा त्या सर्वांना एकच रंग देतो. शक्य असेल तेथे एकेका महिन्याचाच नकाशा पाहावा.

मासिक सरासरी तापमानात दिवस आणि रात्र दोन्ही मिसळलेले असतात, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जूनमध्ये आकाश निरभ्र असले की हवा उबदार होते, कारण सूर्य जवळजवळ मावळतच नाही. ऑगस्टच्या अखेरीस रात्री पुरेशा लांब झालेल्या असतात. निरभ्र आकाशाखाली जमिनीतील उष्णता निघून जाते, थंड हवा दऱ्यांच्या तळाशी साचते आणि पहाटे दंव पडते. उलट, ढगाळ हवेत दिवस गारठलेले पण रात्री उबदार राहतात, आणि महिन्याची सरासरी वरच्या गटात जाऊन बसू शकते. त्यामुळे ‘सरासरीपेक्षा उबदार’ ठरलेला महिना प्रत्यक्षात राखाडी आणि ओला असू शकतो, आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात काळोख्या रात्री परत आल्यावर ध्रुवीय प्रकाश पाहायला येणाऱ्यांची त्यात निराशा होते. तापमानाचा नकाशा पावसाच्या नकाशाशेजारी ठेवूनच वाचावा, असा माझा आग्रह त्यासाठीच आहे.

पावसाचा नकाशा वाचताना मात्र संपूर्ण अलास्काला एक प्रदेश मानून चालत नाही. अंतर्भागात पावसाचा भर जुलै-ऑगस्टमध्ये असतो, दक्षिण-मध्य भागातील अँकरेज शहरात तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असतो, तर ज्युनो आणि केचिकन असलेल्या आग्नेय पट्ट्यात पाऊस शरद ऋतूपर्यंत वाढतच जातो. उत्तर अलास्कातील ब्रूक्स पर्वतरांगेच्या पलीकडे, उत्कियागविक येथेही ऑगस्ट हाच सर्वांत ओला महिना आहे, पण तेथील पावसाचे एकूण प्रमाण इतके थोडे असते की ‘सरासरीपेक्षा जास्त’ म्हणजे प्रत्यक्षात काही मिलिमीटरच अधिक. शिवाय महिन्याचा बराचसा पाऊस एखाद्या वादळातच पडून जाऊ शकतो. ऑगस्ट १९६७ च्या मध्यास अनेक दिवसांच्या पावसाने चिना नदी फुगली आणि फेअरबँक्सचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. पुढे मूस क्रीक धरण बांधून पुराचे पाणी तानाना नदीकडे वळवण्याची सोय करण्यात आली. असा एखादा आठवडा मासिक नकाशातून दिसत नसतो.

कोरड्या बाजूचे उदाहरण २०१९ चे आहे. त्या वर्षी ४ जुलै रोजी अँकरेजचा पारा प्रथमच ९० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे ३२ अंश सेल्सिअसवर गेला. एरवी ऑगस्टचा पाऊस शेवाळाचा आणि पालापाचोळ्याचा जाड थर भिजवून वणव्यांचा हंगाम संपवतो. तो पाऊस दक्षिण-मध्य भागात पुरेसा आला नाही, अँकरेजच्या दक्षिणेकडील केनाई द्वीपकल्पावर जूनमध्ये विजेमुळे लागलेला स्वान लेक वणवा ऑगस्टमधील वाऱ्यांनी पुन्हा भडकला, आणि ३१ ऑगस्टला संपणारा वणवा-हंगाम ३० सप्टेंबरपर्यंत वाढवावा लागला. पावसाचा नकाशा कोरडा असेल आणि जुलैही कोरडा गेला असेल, तर धुराची आणि रस्ते बंद होण्याची शक्यता बेतात धरूनच ठेवावी.

प्रत्यक्षात पुढीलप्रमाणे जावे. जुलैच्या तिसऱ्या गुरुवारी आलेला ऑगस्टचा नकाशा पाहावा, पण निर्णय ३१ जुलैच्या सुधारित नकाशावर घ्यावा, कारण त्यात अधिक ताजी माहिती असते. त्यानंतर रोज निघणारे ६ ते १० दिवसांचे आणि ८ ते १४ दिवसांचे अंदाज पाहावेत. तेही शक्यतांच्याच भाषेत असतात. शेवटच्या आठवड्यात राष्ट्रीय हवामान सेवेच्या अँकरेज, फेअरबँक्स किंवा ज्युनो कार्यालयाचा स्थानिक अंदाज आणि त्यासोबतचे अंदाजकारांचे विवेचन वाचावे. हे विवेचन तांत्रिक असते, तरी अंदाजकाराला स्वतःच्या अंदाजाबद्दल कितपत भरवसा वाटतो हे तेथेच कळते, आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटते.

काही धोके या नकाशांच्या कक्षेतच येत नाहीत. ज्युनोजवळ मेंडेनहॉल हिमनदीने अडवलेल्या एका खोऱ्यात वितळलेले आणि पावसाचे पाणी साचते आणि अचानक बाहेर पडते. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे ऑगस्टमध्ये तेथे मोठे पूर आले, त्यासाठी नदीच्या पातळीचे अंदाज वेगळे पाहावे लागतात. पश्चिम किनाऱ्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये मरबोक चक्रीवादळाचे अवशेष आदळले, आणि त्या दिवसांत समुद्रावर बर्फ नसल्यामुळे लाटांना अडवणारे काही नव्हते. तेथे जाणाऱ्याने ऑगस्टच्या मध्यापासून बेरिंग समुद्राचा सागरी अंदाज रोज पाहावा. अंतर्भागात भाजीपाला लावलेल्याने मात्र ऑगस्टच्या शेवटच्या दिवसांत मासिक नकाशा बाजूला ठेवावा, पुढील तीन रात्रींचे ढग आणि वारा पाहावा, आणि आकाश निरभ्र व वारा शांत असेल, तर संध्याकाळीच वाफे झाकून घ्यावेत.