कोलोनोस्कोपी करताय? या चुका टाळा, नाहीतर दोनदा करावी लागते

बाबांची कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघायची तपासणी, दोनदा करावी लागली. पहिल्यांदा डॉक्टरांनी दुर्बीण अर्ध्यातूनच बाहेर काढली, कारण आत वांग्याच्या बिया चिकटलेल्या, आतड्याची भिंत दिसेचना. चूक आमचीच. कागदावर स्पष्ट लिहिलेलं की तीन दिवस आधीपासून बिया, साली, पालेभाजी, भाकरी, शेंगदाणे बंद, तरी आदल्या दुपारी बाबांनी भरीत-भाकरी खाल्ली, म्हणे रात्री पोट साफ करायची पावडर घेतली की सगळं निघेलच. नाही निघत हो. त्या दिवसांत मऊ भात, इडली, साल काढून उकडलेला बटाटा एवढंच, आणि आदल्या दिवशी आरपार दिसेल असंच प्यायचं, म्हणजे शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत मात्र नको, तो लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

पावडरचंही तेच. दोन लिटर पाण्यात कालवायची, चव खारट-गुळमट, बाबांनी पहिल्या वेळी अर्धी बेसिनमध्ये ओतली. दुसऱ्या वेळी आम्ही फ्रीजमध्ये गार केली, दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास, मधेमधे चोखायला लिंबाची फोड, रात्री एक लिटर आणि पहाटे एक लिटर. पहाटेचा डोस झोपेपायी चुकवू नका, कारण रात्रभरात लहान आतड्यातून पुन्हा घट्ट पिवळा द्रव उतरतो आणि उजव्या बाजूला लेप बसतो, आणि नेमके तिथलेच चपटे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या भिंतीवर वाढणाऱ्या गाठी, त्याखाली दडतात. शेवटी लघवीसारखं पिवळसर स्वच्छ पाणी पडलं म्हणजे पोट साफ, अजून तपकिरी पडत असेल तर निघायच्या आधी हॉस्पिटलला फोन करा.

गोळ्यांचं थोडक्यात. लोहाची गोळी साधारण आठवडाभर आधी थांबवतात, तिने शौच काळं आणि चिकट होतं. पण रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका, विशेषतः स्टेंट असेल तर. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या असतील तर आधीच विचारून घ्या, उपाशीपोटी शुगर घसरते. आणि सोबत माणूस न्या, गुंगीचं इंजेक्शन असतं, त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

पण खरी मोठी चूक या सगळ्याच्या आधीच होते. रक्त पडलं की आपल्याकडे एकच शब्द, मूळव्याध. बाबांनी दीड वर्ष मलम लावलं, हिमोग्लोबिन नऊवर आलं तेव्हा कुठे हलले. मूळव्याध असू शकते, पण मूळव्याध आहे म्हणून वर आतड्यात काही नाही असं होत नाही. कारण नसताना हिमोग्लोबिन कमी, शौचाची सवय बदललेली, वजन उतरतंय, तर तपासा. शौचाच्या तपासणीत रक्त आलं तर तीच टेस्ट पुन्हा करून निगेटिव्ह यायची वाट बघू नका, सरळ कोलोनोस्कोपी.

आणि काही त्रास नाही म्हणून निर्धास्त राहू नका. 'ब्लॅक पँथर' सिनेमाचा नायक चॅडविक बोसमन 2020 मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेला तेव्हा 43 वर्षांचा होता. अमेरिकेत 2021 पासून त्रास नसलेल्यांनीही 45 व्या वर्षी तपासणी सुरू करावी असं सांगतात, आधी 50 होतं. आईवडील किंवा भावंडांना हा कॅन्सर झाला असेल तर 40 व्या वर्षी, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल ते. पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुतेकदा दहाएक वर्षं जातात आणि तेवढ्यात तो सापडला तर तिथल्या तिथे तारेच्या फासाने काढून टाकतात, म्हणजे कॅन्सर व्हायच्या आधीच काम होतं. बाबांचा 14 मिलिमीटरचा असाच काढला.

एवढं झाल्यावर बायोप्सीचा रिपोर्ट आणायलाच कित्येक लोक जात नाहीत! तो आणा, आणि पुढची तपासणी कधी ते लिहून घ्या. बाबांना तीन वर्षांनी बोलावलंय आणि आम्हा भावंडांनाही करून घ्यायला सांगितलंय. माझं वय 42, माझी गुरुवारी आहे, सोमवारपासून भाकरी बंद.