मृगात मादी उलटते, खोट वैशाखातल्या नराची

ससेपालकांसाठी मे-जूनचा सल्ला

जून संपत आला की दरवर्षी तीच तक्रार सुरू होते. पाऊस पडला, गारवा आला, जोड्या लावल्या, नर चढतोय, तरी मादी उलटते, म्हणजे गाभण राहत नाही. मग मादीला टॉनिक, मादीला इंजेक्शन आणि शेवटी चांगली, पिल्लं जगवणारी मादी किलोच्या भावाने बाजारात. नराकडे कोणी वळूनही बघत नाही. त्याने अख्खा मे महिना पत्र्याखाली धापा टाकत काढलेला असतो.

म्हणून पावसाची वाट बघू नका. नरांचे पिंजरे आजच हलवा. खाद्य, औषध, नोंदवही सगळं उद्या केलं तरी चालेल.

सशाला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून आणि श्वासातून बाहेर टाकतो. 15 ते 25 अंश त्याला सोसतं. 30 च्या वर सलग काही दिवस गेले की नराचे शुक्रजंतू कमी होतात, मरतात, वेडेवाकडे होतात. अकोला-चंद्रपूरचा 45 चा पारा सोडा, सातारा-सांगलीकडचं 38-39 सुद्धा पत्र्याखालच्या नराला पुरतं. आणि नवे, धड शुक्रजंतू तयार होऊन बाहेर यायला दीड ते दोन महिने लागतात. मेअखेरीचं ऊन जुलैअखेरपर्यंत नडतं ते असं. दरम्यान नर जोमात दिसतो, चढतो, जोड झाल्यावर नेहमीसारखा एका अंगावर पडतो. माणूस फसतो तो इथेच.

दोष कोणाचा हे ओळखायला पैसे लागत नाहीत. सशाच्या मादीत बीज सुटतं ते जोड लागल्यावर, साधारण 10-12 तासांनी. नराचं वीर्य मेलेलं असलं तरी बीज सुटतंच. मग मादी खोटी गाभण राहते, नराला जवळ येऊ देत नाही आणि 16 ते 18 दिवसांनी पोटाचे केस उपटून घरटं करायला लागते. लोक म्हणतात गर्भ पडला. गर्भ नव्हताच. पण एवढं कळलं की तिचं बीज सुटतंय, म्हणजे संशय आधी नरावर घ्या. (एका पिंजऱ्यात दोन माद्या ठेवल्या आणि एक दुसरीवर चढली तरी असंच होतं. जोडीच्या वयाच्या माद्या वेगळ्या ठेवा.)

नोंदवही असेल तर काम आणखी सोपं. एकाच नराच्या तीन-चार माद्या उलटल्या तर खोट नराची. एकच मादी वेगवेगळ्या चांगल्या नरांकडून उलटली तर मादीची. खात्री हवी असेल तर नर घेऊन पशुवैद्यकाकडे जा आणि वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विचारा. माझा अंदाज विचाराल तर मी वृषण हाताने चाचपतो. मऊ पडलेले, आक्रसलेले लागले की त्या नराची जोड मी लावत नाही.

आता पिंजरे. बहुतेक शेडमध्ये नर वरच्या कप्प्यात असतात, पत्र्याला सगळ्यात जवळ. त्यांना सगळ्यात खाली, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब आणा. पिंजऱ्याच्या उंचीवर साधा तापमापक टांगा, दुपारी दोन-तीनला बघा. पत्र्यावर चुना मारा, वर उसाचं पाचट नाहीतर कडबा टाका. पिंजऱ्यात शाहाबादी फरशीचा तुकडा भिजवून ठेवा, नर त्यावर पसरतो. फार तापलं तर बाटलीत पाणी गोठवून ती पिंजऱ्यात आडवी ठेवा. कोरड्या हवेत बाजूला ओली गोणपाटं उत्तम, पण वारा खेळता हवा. वळवाचा पाऊस पडून दमट झालं की ओल्या गोणपाटाचा उपयोग राहत नाही, उलट घुसमट वाढते. तेव्हा ती काढा आणि पंखा लावा. पाण्याची टाकी उन्हात असेल तर पिंजऱ्यातल्या पिण्याच्या निप्पलमधून चहासारखं गरम पाणी येतं, हेही बघत नाही कोणी.

खर्चाच्या गोष्टी. दुकानदार व्हिटॅमिन ई-सेलेनियमचं द्रावण, 'ब्रीडिंग टॉनिक' आणि हार्मोन पुढे करतो. ब्युसेरेलिन या हार्मोनचा मान्य डोस मादीला 0.8 मायक्रोग्रॅम आहे, तोही पशुवैद्यकानेच द्यायचा, आणि त्याने फक्त बीज सुटतं. वीर्य मेलेलं असेल तर तो पैसा पाण्यात. 'नवीन रक्त' म्हणून मे महिन्यात टेम्पोतून आलेला महागडा नर तर मुळीच घेऊ नका. त्याच पत्र्याखाली त्याचीही तीच गत होणार. सशांचं युनिट (नर-माद्यांचा संच) विकून पिल्लं परत घ्यायची हमी देणारे या दिवसांत फोन उचलत नाहीत, हेही अनुभवाचे बोल.

उन्हाशिवायची कारणं थोडक्यात:

- लठ्ठ मादी: कांडी खाद्य मोजून, चारा जास्त.
- बुरशी आलेला मका, पेंड: फेकून द्या.
- सुबाभूळ मुख्य चारा म्हणून नको. त्यातल्या मिमोसिन या विषारी द्रव्याने केस गळतात, वीणही बिघडते.
- जननेंद्रियावर खपल्या: जोड बंद, पशुवैद्यकाकडून पेनिसिलीनचं इंजेक्शन. तोंडावाटे पेनिसिलीन, अमोक्सिसिलीन कधीच नाही, ससा मरतो.
- केस गळतीच्या दिवसांत जोड नको.

रोजची कामं:

- मादी नराच्या पिंजऱ्यात न्यावी, उलट नाही.
- जोड पहाटे. योनी लालसर असताना, पांढरट असताना नाही.
- 8-10 माद्यांमागे एक नर.
- मादी 5-6 महिन्यांची झाल्यावर पहिली जोड.
- 12 ते 14 व्या दिवशी पोट हलक्या हाताने चाचपणे.
- 27-28 व्या दिवशी घरट्याची पेटी. वीण साधारण 31 व्या दिवशी.

ज्यांच्या नरांना ऊन लागून गेलंय, त्यांनी मृगात जोड्या लावून माद्यांना खोटं गाभण करत बसू नये. नर गारव्यात ठेवा, लसूणघास आणि मुबलक पाणी द्या. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एकेका नराला दोन अशा माद्या दाखवा ज्यांची आधीची वेतं चांगली झाली आहेत. चौदाव्या दिवशी दोन्ही रिकाम्या निघाल्या तर आणखी तीन आठवडे थांबून पुन्हा दाखवा. दुसऱ्या खेपेलाही ज्या नराची एकही मादी गाभण राहिली नाही तो नर काढा. मादी नको.