जुनी स्लेड दोन झटक्यांत सुरू झाली? तळ्यावर नेण्याआधी या चुका टाळा

स्टार्टरची दोरी ओढली, दुसऱ्या झटक्याला इंजिन भडकलं, निळा धूर सुटला. तेवढ्यावर ‘मशीन ठणठणीत आहे’ म्हणायचं आणि थेट गोठलेल्या तळ्यावर जायचं! जुन्या परफॉर्मन्स स्नोमोबाईलचा, म्हणजे बर्फावर रबरी पट्ट्यानं (ट्रॅकनं) पळणाऱ्या वेगवान स्लेडचा, घात बहुतेक वेळा इथेच होतो. अमेरिकेतल्या मिनेसोटात राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मीही हेच केलं. गाडी होती १९८९ची पोलॅरिस इंडी ६५०. तीन सिलिंडर, वॉटर-कूल्ड, टू-स्ट्रोक. आधीच्या मालकाकडे ती काही वर्षं नुसती उभी होती. तळ्यावर मैलभर सुसाट पळाली, मग इंजिनाचा आवाज किंचित चढला, आणि थ्रॉटल सोडायच्या आत एक सिलिंडर गेला.

हेड उघडलं तेव्हा एका पिस्टनच्या एग्झॉस्टकडच्या कडेला करंगळीचं नख जाईल एवढं भोक होतं. भोकाच्या कडा वितळून गोठलेल्या मेणासारख्या. त्या सिलिंडरच्या प्लगवर ॲल्युमिनियमचे बारीक राखाडी दाणे चिकटलेले. कारण निघालं क्रँकच्या टोकाचं एक ऑईल सील. उभ्या-उभ्या वाळून ते कडक झालं होतं आणि तिथून इंजिन हवा खेचत होतं.

ज्यांनी आपल्याकडे येझदी किंवा आर-डी ३५० चालवली आहे, त्यांना टू-स्ट्रोकचं गणित ठाऊक असतं. क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची बंद पेटी, हाच पंप, आणि इंधनाबरोबर येणारं तेल हेच वंगण. बाहेरची हवा शिरली की मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टनचं तापमान चढतं. मोटारसायकलवर आपण गिअर बदलतो, वळणावर थ्रॉटल सोडतो, तेवढ्यात इंजिनाला दम मिळतो. स्लेडला गिअर नाहीत. बेल्ट आणि क्लच इंजिनाला सतत जास्तीत जास्त ताकदीच्या आरपीएमवर धरून ठेवतात, आणि तळं मैलोगणती सपाट असतं. मोटारसायकलवर महिनोन्‌महिने खपून गेली असती अशी गळती इथे दोन मिनिटांत पिस्टन खाते.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागडी चूक म्हणजे प्रेशर टेस्ट न करता जुनं इंजिन पळवणं. इनटेक आणि एग्झॉस्ट रबरी बुचांनी बंद करा, फ्युएल पंपाकडे जाणारी पल्सची नळीही (क्रँककेसच्या दाबाच्या ठोक्यांनी पंप चालवणारी) बंद करा आणि हातपंपानं ५-६ पीएसआय हवा भरा. जास्त भरू नका, चांगलं सीलही जागचं हलू शकतं. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त दाब उतरला तर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे नेमकी जागा दाखवतात. तीन सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरखालचा क्रँककेसचा कप्पा वेगळा असतो, तेव्हा चाचणी तिन्हींची करायची. एक पास झाला म्हणून बाकीचे पास होत नाहीत. एका टोकाचं सील फ्लायव्हीलमागे लपलेलं असतं, दुसरं क्लचमागे. दोन्ही काढल्याशिवाय फवारणी तिथे पोचत नाही, आणि नेमका याच कामाचा आपल्याला कंटाळा येतो.

हवा शिरत असेल तर स्लेड आधी इशारा देते. थ्रॉटल सोडल्यावर रेस झटकन उतरत नाही, वरच लटकते. अशा वेळी आयडलचा स्क्रू फिरवून रेस खाली आणणं म्हणजे तापाच्या माणसाचा थर्मामीटर लपवून ठेवणं. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधले रबरी बूटही बोटांनी वाकवून बघा. सरळ असताना धडधाकट दिसणाऱ्या रबराची चीर वाकवल्यावर उघडते.

कार्बोरेटर ‘वरवर’ साफ करणं ही त्याखालोखालची चूक. मिकुनी कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये पायलट जेटचं, म्हणजे कमी थ्रॉटलला पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छोट्या नळीचं, भोक केसाएवढं असतं. खालच्या पेट्रोलच्या वाटीत (बाऊलमध्ये) स्प्रे मारून ते मोकळं होत नाही. जेट बाहेर काढा आणि दिव्यासमोर धरा. प्रकाशाचा ठिपका पूर्ण गोल दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर कडेला अजून वार्निशसारखा थर आहे. वायरीतला तांब्याचा एक धागा घ्या, पोलादी तार घालू नका. भोक एकदा मोठं झालं की ते जेट बाद. मग थ्रॉटल दिल्यावर हवेची वाट उघडणाऱ्या तिन्ही कार्बोरेटरच्या स्लाईड एकाच क्षणी उचलतात का ते पाहा. एक मागे राहिली तर तो सिलिंडर नेहमीच वेगळं मिश्रण ओढणार.

पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल मोजणाऱ्या मेन जेटच्या बाबतीत अनुभवी लोकही फसतात. ऑक्टोबरच्या उबेत ट्यून केलेली स्लेड जानेवारीत तशीच बाहेर काढतात. शून्य अंशाच्या हवेपेक्षा उणे ३० अंशांची हवा साधारण १२ टक्के दाट असते. हवा दाट झाली, जेट तेच राहिलं, की मिश्रण लीन झालंच. मॅन्युअलमध्ये तापमान आणि उंचीनुसार जेटचा तक्ता असतो, त्यात त्या दिवशीचं तापमान बघा. शंका असेल तर एक नंबर मोठं जेट घाला. प्लग काळा पडेल, पण पिस्टन वाचेल.

पेट्रोलचंही तसंच. अमेरिकेत पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असतं. ते ओलावा धरतं आणि जुन्या नळ्या-डायफ्रॅमना मानवत नाही. मिनेसोटात जुन्या गाड्या, बोटी आणि स्नोमोबाईलसाठी इथेनॉल नसलेलं प्रीमियम पेट्रोल मिळतं, तेच भरा. पेट्रोलच्या नळ्या बदलताना पल्सची नळी विसरू नका. ती कडक होऊन चिरली की आयडल सुरेख राहतं, पण पूर्ण थ्रॉटलला पंप कमी पडतो.

ऑईल पंप उघडल्यावर नळ्यांतली हवा न काढणं हाही तसाच छुपा घात. टाकीत तेल दिसतं, पण नळीत बुडबुडा अडकलेला असतो. हवा काढा, केबलच्या खुणा मॅन्युअलप्रमाणे जुळवा, आणि पहिली टाकी पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालवा. ५० लिटरला १ लिटर हे प्रमाण पुरे. पंप नीट चालू असेल तर त्या टाकीपुरता धूर जास्त दिसेल, दिसू द्या.

स्लेड ‘ओढत नाही’ म्हणून इंजिन खोलण्याआधी क्लचकडे बघा. बेल्टची रुंदी मोजा. झिजलेला बेल्ट क्लचमध्ये खोल बसतो आणि सुरुवातीची ओढ जाते. आरपीएम भलताच वर जातोय पण वेग येत नाही, तर बेल्ट घसरतोय किंवा क्लचमधली वजनं झिजली आहेत. क्लचच्या तबकड्यांना ग्रीस कधीच नाही. क्लच काढायला त्याचा पुलरच वापरा, स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलेल्या तबकडीचा पोचा नंतर बेल्ट खातो. परत बसवताना क्रँकची निमुळती बाजू स्वच्छ, कोरडी हवी, आणि बोल्टला टॉर्क रेंचच.

चेनकेसचं, म्हणजे ट्रॅकला ताकद पोचवणाऱ्या साखळीच्या पेटीचं, तेल दर हंगामाला बदला. एअरबॉक्स आणि सायलेन्सरमध्ये उंदरांची घरटी आहेत का ते बॅटरी मारून बघा, उन्हाळाभर त्यांना तीच जागा आवडते.

आता थंड इंजिनाला एकदम पिटाळणं. पिस्टन लवकर फुगतो, सिलिंडर मागे राहतो, आणि पिस्टनच्या अंगावर चार उभे ओरखडे उठतात. वॉटर-कूल्ड स्लेडमध्ये टनेलखालच्या (ट्रॅकवरच्या पत्र्याच्या छताखालच्या) कूलरमधलं पाणी बर्फासारखं गार असतं. थर्मोस्टॅट उघडला की तेच तापलेल्या सिलिंडरवर येतं. मी हातमोजा काढून कूलरला हात लावतो. कोमट लागला की निघायचं, तोवर उभं राहायचं. कूलंट बदललं असेल तर वरच्या स्क्रूतून हवा निघेपर्यंत गाडी हलवायचीच नाही.

गाडी स्टँडवर घेऊन ट्रॅक फिरवताना मागे कुणालाही उभं करू नका, मुलांना तर गॅरेजमध्येही नको. ट्रॅकमध्ये स्टड (बर्फात रुतणारे धातूचे खिळे) असतील आणि एखादा सुटला, तर तो गोळीसारखा येतो. थ्रॉटल अडकल्यावर इंजिन बंद करणारा स्विच त्रास देतो म्हणून बायपास करणं हा तर जिवाशी खेळ आहे. कार्बोरेटरमध्ये बर्फ धरून स्लाईड अडकते तेव्हा इंजिन आपोआप थांबवणारं तेवढंच असतं.

सगळं झालं की नवे प्लग घाला आणि गाडी गरम करा. तळ्यावर थोडं अंतर पूर्ण थ्रॉटलला जा, थ्रॉटल न सोडता किल स्विच (इंजिन झटक्यात बंद करणारं बटण) दाबा आणि घरंगळत थांबा. तिन्ही प्लग काढून हातमोज्यावर ओळीनं ठेवा. तिघांचा रंग सारखा तपकिरी असेल तर पुढे निघा. एक जरी पांढराफटक असेल तर तिथून थ्रॉटलला हात लावू नका, गाडी ओढत घरी न्या.