स्वतःच्या नावाचा फेडिव्हर्स सर्व्हर: गोटूसोशल बसवताना आणि अडल्यावर

फेडिव्हर्स म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या स्वतंत्र सर्व्हरांचं सोशल नेटवर्क. त्यावरचं माझं पहिलं खातं ज्या सर्व्हरवर होतं, तो एक माणूस पदरमोड करून चालवत होता. एके दिवशी त्याने महिनाभराची मुदत दिली आणि सर्व्हर बंद केला. त्याची तक्रार नाही, उलट इतकी वर्षं त्याने तो चालवला याचे आभारच. पण माझ्या नोंदी गेल्या, जुना पत्ता गेला आणि तेव्हाच ठरवलं की यापुढे पत्ता माझ्या नावावरच असेल.

फेडिव्हर्स ईमेलसारखं चालतं. तुमचा सर्व्हर वेगळा, माझा वेगळा, तरी एकमेकांना पत्रं जातात. ती कशी जायची हे ॲक्टिव्हिटीपब नावाच्या प्रोटोकॉलने ठरतं. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. मास्टोडॉन, पिक्सेलफेड, पीअरट्यूब ही फेडिव्हर्सची सॉफ्टवेअरं सगळी हीच भाषा बोलतात.

एकट्यासाठी किंवा घरातल्या चार जणांसाठी मी मास्टोडॉन बसवा म्हणणार नाही. त्याला पोस्टग्रेस, रेडिस, साइडकिक अशा प्रोग्रामांची सगळी फौज लागते आणि ती सांभाळण्यातच रविवार जातात. गोटूसोशल हा एकच प्रोग्राम आहे, डेटाबेस म्हणून एसक्यूलाइटची एक फाइल त्याला पुरते आणि लहान सर्व्हरवर तो साधारण २५० ते ३५० एमबी रॅममध्ये भागवतो. त्याच्यासोबत टाइमलाइन दाखवणारं ॲप येत नाही, त्यासाठी फोनवर टस्की किंवा ब्राउझरमध्ये फॅनपी वापरायचं. सॉफ्टवेअर अजून बीटा अवस्थेत आहे, तरी रोजच्या वापराला मला ते पुरतं.

सगळ्यात आधी नाव

डोमेन घेण्याआधी एक रात्र विचार करा, कारण पुढचं सगळं दुरुस्त करता येतं, नाव नाही. सेटिंगच्या फाइलमध्ये ‘होस्ट’ या ओळीत जे नाव लिहाल, ते एकदा दुसऱ्या सर्व्हरशी बोलणं झालं की बदलता येत नाही. बाहेरचे सर्व्हर तुम्हाला त्याच नावाने आणि त्या नावामागच्या डिजिटल सहीच्या किल्लीने ओळखतात. ‘टेस्ट’ नावाच्या सबडोमेनवर सहज करून बघू म्हणून सुरुवात केली, की तेच नाव कायमचं गळ्यात पडतं. डोमेन दरवर्षी नूतनीकरण करण्याइतकं स्वस्तही हवं.

सर्व्हर ‘सोशल’ सबडोमेनवर ठेवून पत्ता मात्र मूळ डोमेनचा हवा असेल, तर ‘अकाउंट-डोमेन’ ही ओळही पहिल्याच दिवशी भरा. मग मूळ डोमेनवर येणाऱ्या वेबफिंगरच्या, म्हणजे ‘हा पत्ता कुठे आहे’ असं विचारणाऱ्या, चौकश्या सबडोमेनकडे वळवाव्या लागतात. पहिल्यांदाच करत असाल तर या फंदात पडू नका, एकच नाव ठेवा. वापरकर्त्याचं नाव लहान इंग्रजी अक्षरांत, आकड्यांत आणि अंडरस्कोअरमध्येच चालतं. दिसायचं नाव मात्र खुशाल देवनागरीत ठेवा.

जागा

१ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्कचा भाड्याचा सर्व्हर पुरे, महिन्याला ४००-५०० रुपयांत मिळतो. स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा, चालू करून ठेवा. घरच्या रास्पबेरी पायवरही चालतं, पण डेटाबेस एसडी कार्डवर ठेवू नका, साधी एसएसडी जोडा. घरी अडचण वेगळीच येते. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी नसतो, अनेक घरं एकाच आयपीच्या आड असतात. राउटरच्या पानावरचा वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कोणी आत येणार नाही. कंपनीकडून स्थिर आयपी विकत घ्या, नाहीतर सरळ भाड्याचा सर्व्हर घ्या.

बसवणं

डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या यादीत, ए रेकॉर्डला सर्व्हरचा आयपी द्या. सर्व्हरवर आयपीव्ही६ नीट चालत नसेल, तर त्यासाठीचा क्वाड-ए रेकॉर्ड ठेवूच नका. जुना क्वाड-ए रेकॉर्ड विसरून राहिला, की काही सर्व्हर तुमच्यापर्यंत पोचतात, काही नाही, आणि सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र काढतानाही ते देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा आधी त्याच पत्त्यावर जाऊन अडकते.

प्रोग्राम कोडबर्गवरच्या अधिकृत पानावरून उतरवा. त्याच्यासाठी वेगळा वापरकर्ता करा, रूट म्हणून चालवू नका. नमुन्याची कॉन्फिग फाइल खूप लांब आहे, पण सुरुवातीला पाच-सहा ओळींनाच हात लावायचा: होस्ट, डेटाबेसचा प्रकार एसक्यूलाइट, त्याच्या फाइलचा पूर्ण पत्ता, चित्रांचा फोल्डर आणि प्रमाणपत्र. त्या यंत्रावर दुसरी कुठलीही वेबसाइट नसेल, तर प्रोग्राममधलंच लेट्स एन्क्रिप्ट चालू करा आणि त्याला ८० व ४४३ हे पोर्ट द्या. एंजिनएक्स हा वेब सर्व्हर आधीपासून असेल, तर प्रोग्राममधलं लेट्स एन्क्रिप्ट बंद ठेवा आणि प्रोग्रामला फक्त १२७.०.०.१ (त्याच यंत्राचा आतला पत्ता) वर ऐकायला लावा.

मग प्रोग्राम मागे सतत चालू ठेवणारी सिस्टमडीची सेवा सुरू करा आणि कमांडने खातं काढा. पासवर्ड कमकुवत असेल तर प्रोग्राम तो नाकारतो. स्वतःला ॲडमिन केल्यावर सेवा एकदा पुन्हा सुरू करा. बाहेरच्यांची नोंदणी मुळात बंदच असते, ती तशीच राहू द्या. दुसऱ्याच्या लिखाणाची जबाबदारी घेणं हे वेगळं काम आहे.

पान दिसतंय, पण कोणी ऐकत नाही

पहिल्या दिवशी माझं असंच झालं. ब्राउझरमध्ये प्रोफाइल व्यवस्थित उघडत होतं. नागपूरच्या मैत्रिणीला फोन लावला, म्हटलं माझा पत्ता शोध. तिला काहीच सापडेना. मी लॉग उघडून बसलो होतो. ती तिकडे शोध दाबायची आणि इकडे एक ओळ उमटायची: ४०१, म्हणजे ‘ओळख पटली नाही’. पुन्हा दाबलं, पुन्हा ४०१. म्हणजे तिचा सर्व्हर दारापर्यंत येत होता आणि माझाच सर्व्हर त्याला परत पाठवत होता.

कारण समजून घेण्यासारखं आहे. फेडिव्हर्समध्ये प्रत्येक सर्व्हर आपल्या विनंतीवर सही करतो आणि ती सही ज्या यजमानाकडे विनंती चाललीय त्याच्या नावासकट केलेली असते. माझ्या एंजिनएक्सने ती आत देताना होस्ट हेडर, म्हणजे विनंती कोणासाठी आहे ते सांगणारी ओळ, बदलून तिथे १२७.०.०.१ टाकलं होतं. पत्र तेच, पण पाकिटावरचा पत्ता खोडलेला, त्यामुळे सही जुळेना. होस्ट हेडर जसाच्या तसा पुढे द्यायची एक ओळ घातली, एंजिनएक्स रिलोड केलं आणि फोनवरून आवाज आला, ‘दिसलास!’

म्हणून तपासताना बाहेरून आत या. आधी ब्राउझरमध्ये वेबफिंगरचा पत्ता आपल्या खात्याच्या नावासकट उघडा. त्याला सही लागत नाही. तिथे नाव-पत्त्याचा जेसन मजकूर आला पाहिजे. एरर किंवा भलतंच पान आलं, तर दोष डीएनएस किंवा एंजिनएक्समध्ये. जेसन येतोय पण समोरच्याला तुम्ही सापडत नाही, तर सहीकडे वळा: होस्ट हेडर आणि घड्याळ. प्रत्येक सहीवर वेळ असते, सर्व्हरचं घड्याळ फार मागे-पुढे असेल तर समोरचा ती शिळी समजून टाकून देतो. वेळेचा ताळमेळ आपोआप राखणारी सेवा चालू आहे का, बघा.

इथे एक गैरसमज फार होतो. गोटूसोशल सही नसलेल्या विनंतीला खात्याची माहिती देतच नाही. तुम्ही कर्ल ही कमांड वापरून ॲक्टिव्हिटीपबचा पत्ता मागितला आणि ४०१ आलं, तर काही बिघडलेलं नाही. दुसऱ्या खऱ्या सर्व्हरच्या विनंतीला ४०१ जात असेल, तरच काळजी करा.

बाकीच्या खोड्या पटकन सांगतो. फोटो चढत नाही आणि ४१३ (फाइल फार मोठी) येतं: एंजिनएक्सची मर्यादा मुळात १ एमबी असते, ४० करा. सूचना पान ताजं केल्याशिवाय येत नाहीत: एंजिनएक्समध्ये वेबसॉकेटचे (जोडणी सतत उघडी ठेवण्याचे) अपग्रेड हेडर घालायचे राहिलेत. सगळ्यांनाच ४२९ (फार जास्त विनंत्या) मिळायला लागलं: प्रोग्रामला प्रॉक्सीचाच, म्हणजे मधल्या एंजिनएक्सचाच, आयपी दिसतोय आणि साऱ्या जगाची रहदारी तो एकाच माणसाची समजतोय. ‘ट्रस्टेड-प्रॉक्सीज’मध्ये तो आयपी घाला, डॉकर वापरणाऱ्यांना हे हमखास लागतं. मधे सीडीएन (सर्व्हरपुढे उभी राहून पानं वाटणारी सेवा) असेल आणि ते ‘तुम्ही माणूस आहात का’ असं विचारत असेल, तर ती तपासणी या डोमेनसाठी बंद करा, समोर सर्व्हर आहे, तो उत्तर देणार नाही.

आणि ज्या गोष्टींना बिघाड समजू नये त्याही सांगतो. टाइमलाइन सुरुवातीला कोरी असते, कारण तुम्ही ज्यांना फॉलो कराल त्यांचंच पुढचं लिखाण येतं, मागचं नाही. कोणी तुम्हाला फॉलो केलं आणि ते लटकून राहिलं, तर विनंत्यांच्या यादीत बघा. नवं खातं मुळात कुलूपबंद असतं, मंजुरी तुम्हालाच द्यायची असते.

जे गमावलं तर परत मिळत नाही

दुसऱ्यांची चित्रं गेली तर पुन्हा उतरवता येतात. डेटाबेस गेला तर त्यातली तुमची खाजगी किल्ली जाते. मग त्याच डोमेनवर, त्याच नावाने नवं खातं काढलंत तरी जग जुनी किल्ली लक्षात ठेवून बसलेलं असतं आणि तुमच्या सह्या नाकारतं. म्हणून सेवा थांबवून एसक्यूलाइटची फाइल, तिच्या सोबतच्या वॉल फाइलसह (ताजे बदल आधी तिच्यात लिहिले जातात), चित्रांचा फोल्डर आणि कॉन्फिग हे तिन्ही दुसऱ्या यंत्रावर उतरवा. मी हे रोज पहाटे ३ वाजता क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) करतो, आवृत्ती बदलण्याआधी हाताने पुन्हा एकदा. गोटूसोशलमध्ये एक्सपोर्टची वेगळी कमांडही आहे, ती खाती, किल्ल्या आणि फॉलो एका छोट्या फाइलमध्ये काढून देते. ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा, पण कोणाला पाठवू नका, तिच्यातली किल्ली म्हणजे तुमची सही आहे.

कधी सर्व्हर बंद करायची वेळ आली, तर नुसता बंद करू नका. आधी खातं डिलीट करा आणि सेवा काही दिवस तशीच चालू ठेवा, म्हणजे पुसून टाकण्याचा निरोप ज्यांच्याकडे तुमच्या नोंदी आहेत त्या सर्व्हरांपर्यंत पोचतो. लॉगमध्ये तो निरोप जाताना दिसतो. तो थांबला, की मग भाडं बंद करा.