व्यवसायाची आयटी खाती आणि पासवर्ड स्वतःच्या मालकीत कसे ठेवावेत

संकेतस्थळ किंवा ॲप तयार करून देणारा तंत्रज्ञ पुष्कळदा सोयीसाठी डोमेन (संकेतस्थळाचा इंटरनेटवरील पत्ता), होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची भाड्याची जागा) आणि क्लाउडची (इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकसेवेची) खाती स्वतःच्याच ईमेलवर उघडतो, आणि बिले आपण भरतो म्हणून खातीही आपलीच आहेत, असे मालक गृहीत धरतो. सेवा देणारी कंपनी मात्र खाते कोणाच्या नावावर आहे आणि पासवर्ड बदलण्याची लिंक कोणाच्या ईमेलवर जाते, हे पाहते. तंत्रज्ञ प्रामाणिक असला तरी तो आजारी पडू शकतो किंवा त्याचा धंदा बंद होऊ शकतो. म्हणून ही व्यवस्था संबंध चांगले असतानाच लावून घ्यावी.

सुरुवात यादीने करावी. बँक आणि कार्डाचे मागील पूर्ण वर्षाचे व्यवहार तपासावेत, कारण वर्षातून एकदाच नूतनीकरण होणाऱ्या सेवा महिन्याभराच्या हिशेबात दिसत नाहीत. प्रत्येक सेवेपुढे नोंदणीकृत नाव, लॉगिनचा ईमेल, ओटीपी जाणारा मोबाइल आणि मुदत संपण्याची तारीख लिहावी.

त्यानंतर सर्वांत आधी डोमेन हाती घ्यावे. व्यवसायाचे ईमेल डोमेनवर चालतात आणि इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात, त्यामुळे डोमेन ज्याच्या हाती त्याला बाकीचे बरेच काही मिळवता येते. नोंदणीत मालक म्हणून व्यवसायाचे कायदेशीर नाव असावे. डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे, न्यायचे असल्यास हस्तांतरण रोखणारे लॉक काढून ऑथ कोड, म्हणजे हस्तांतरणाचा गुप्त संकेतांक, मागावा लागतो. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी डोमेनची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या ‘आयकॅन’ या संस्थेच्या नियमांनुसार नोंदणीधारकाने मागितल्यावर तो ५ दिवसांत मिळाला पाहिजे. नव्या नोंदणीनंतर किंवा आधीच्या हस्तांतरणानंतर सहसा ६० दिवस डोमेन हलवता येत नाही, म्हणून करार संपण्याच्या आठवड्यात ही धावपळ करू नये. डीएनएसच्या, म्हणजे डोमेनवरील संकेतस्थळ आणि ईमेल कोणत्या सर्व्हरकडे जावेत हे सांगणाऱ्या, सर्व नोंदींची प्रत आधी काढून ठेवावी. त्यातील ईमेलची दिशा सांगणारी एमएक्स नोंद राहून गेली तर संकेतस्थळ चालू दिसते, पण ईमेल येणे थांबते. रजिस्ट्रारच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेलही देऊ नये, कारण डोमेनची मुदत संपली तर ते सोडवण्यासाठी लागणारा ईमेल त्याच डोमेनसोबत बंद पडलेला असतो.

ईमेल आणि क्लाउडच्या बाबतीत सर्वोच्च अधिकार असलेली किमान दोन खाती व्यवसायातील जबाबदार व्यक्तींकडे असावीत. ॲमेझॉनच्या क्लाउडमधील रूट खात्यासारखे मुख्य खाते रोजच्या कामासाठी वापरू नये. तंत्रज्ञाला त्याच्या नावाचे स्वतंत्र खाते आणि कामापुरते अधिकार द्यावेत. मुख्य पासवर्ड कधीही सांगू नये. गूगलवरील व्यवसायाची नोंद, समाजमाध्यमांची पाने, जाहिरात खाती आणि सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) यांनाही हाच नियम लावावा. अँड्रॉइड ॲप असेल तर साइनिंग कीबद्दल, म्हणजे अपडेट मूळ मालकाचेच आहे हे सिद्ध करणाऱ्या डिजिटल किल्लीबद्दल, आवर्जून विचारावे. ती गूगलकडे सुरक्षित ठेवलेली नसेल आणि तंत्रज्ञाकडून हरवली, तर त्या ॲपचे पुढचे अपडेट देता येत नाही.

पासवर्ड व्यवसायाच्या नावावरील पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड सुरक्षित साठवणाऱ्या ॲपमध्ये, ठेवावेत. ओटीपीचा मोबाइल क्रमांक कर्मचाऱ्याचा वैयक्तिक नसावा, आणि रिकव्हरी कोड (ओटीपी मिळत नसताना खाते उघडण्याचे राखीव संकेतांक) छापून बंद पाकिटात तिजोरीत ठेवावेत. खाती पहिल्या दिवसापासून व्यवसायाच्या नावावर असतील, ही अट करारात लिहून घेतली की नंतरचा वाद टळतो.

तंत्रज्ञ किंवा कर्मचारी काम सोडतो तेव्हा क्रम महत्त्वाचा असतो. आधी आपले प्रशासक खाते जोडून त्या खात्यातून स्वतः प्रत्यक्ष लॉगिन करून पाहावे, बॅकअप घ्यावा, रिकव्हरीचा ईमेल आणि मोबाइल बदलावा, आणि मगच जुन्या व्यक्तीचा प्रवेश काढावा. एपीआय की (एका प्रोग्रामला दुसऱ्या सेवेत प्रवेश देणारी किल्ली), एसएसएच की (सर्व्हरमध्ये दुरून शिरण्याची किल्ली) आणि ईमेल परस्पर दुसरीकडे पाठवणारे नियम पासवर्ड बदलूनही चालू राहू शकतात, म्हणून ते वेगळे तपासावेत. गेलेल्या व्यक्तीचे ईमेल खाते घाईने हटवू नये: गूगल वर्कस्पेसमध्ये हटवलेले खाते २० दिवसांपर्यंतच परत आणता येते, म्हणून त्यातील फाइली आणि पत्रव्यवहार दुसऱ्या खात्यात हलवल्याची खात्री झाल्यावरच ते काढावे.