घराच्या वर्षाचा आढावा कसा लिहावा

वर्षभरात घरात काय काय घडले, असे डिसेंबरअखेर कोणी विचारले, तर बहुतेकांना दिवाळीपासूनचे तेवढे आठवते आणि त्याआधीचे एखादे लग्न किंवा मोठे आजारपण. मधले सगळे महिने पुसले जातात. म्हणून आढावा लिहायला बसताना आठवणींवर विसंबू नये. आधी कागद गोळा करावेत आणि मग त्या कागदांवरून घरच्यांना विचारत जावे, असे माझे ठाम मत आहे.

वर्ष कोठून कोठपर्यंत धरायचे, हे प्रथम ठरवावे. आमच्या कोल्हापुरात गुजरीत किंवा लक्ष्मीपुरीत, म्हणजे बाजारपेठेत, पिढ्यान्‌पिढ्या दुकान असलेल्या घरी दिवाळीतल्या वहीपूजनापासून, शिक्षकाच्या घरी जूनपासून आणि ऊस पिकवणाऱ्याच्या घरी कारखान्याच्या गळीत हंगामापासून वर्ष मोजणे अधिक खरे ठरते. कोणतेही धरावे, पण दरवर्षी तेच ठेवावे. तिथीने मोजणाऱ्यांनी शेजारी इंग्रजी तारीखही लिहावी. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे २०२४ मध्ये ९ एप्रिलला आलेला गुढीपाडवा २०२५ मध्ये ३० मार्चला आला, आणि नुसती तिथी लिहिलेली नोंद काही वर्षांनी तिकिटांशी वा फोटोंशी जुळवणे अवघड जाते.

कागदांमध्ये सर्वांत मोलाची असते ती स्वयंपाकघराच्या भिंतीवरची दिनदर्शिका. दुधाचे खाडे, सिलिंडर आल्याची तारीख, भिशीचा दिवस, डॉक्टरांची वेळ असे सगळे तिच्यावर असते. एखाद्या चौकोनात ‘दूध एक लिटर जादा’ असे पेन्सिलीने लिहिलेले दिसले, तर त्या दिवशी पाहुणे कोण आले होते, हे आज्जींना विचारावे. बहुधा त्या पाहुण्यांसकट त्या दिवशीचा स्वयंपाकही सांगतील. ही दिनदर्शिका नव्या वर्षी रद्दीत जाते, ती जपून ठेवावी. त्यानंतर लग्नपत्रिका, आहेराच्या याद्या, मुलांची प्रगतिपुस्तके आणि बँकेचे पासबुक हाताशी घ्यावे. एसटीची यंत्रातून निघालेली तिकिटे आणि हॉटेलची बिले उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात व काही महिन्यांत फिकी पडतात, म्हणून त्यांवरील मजकूर वेळीच वहीत उतरवावा. मोबाइलने काढलेल्या मूळ फोटोत तारीख आणि वेळ नोंदलेली असते, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेल्या प्रतीत ती मूळ नोंद राहत नाही. तेव्हा ज्याने फोटो काढला, त्याच्याच मोबाइलवर तारीख पाहावी.

यशाच्या नोंदी लिहिताना सर्वाधिक काळजी घ्यावी लागते, कारण प्रमाणपत्र मिळते तेवढेच यश, असे आपण नकळत धरून चालतो. मुलाचे दहावीचे गुण आणि वडिलांची बढती लिहिली जाते. ज्या आईने त्याच वर्षी सासूबाईंचे पथ्यपाणी सांभाळून बचत गटाचा हिशेब चोख ठेवला आणि दुचाकी चालवायलाही शिकली, तिच्या नावापुढचे पान कोरे राहते. हा अन्याय आढाव्यात तरी होऊ देऊ नये. त्यासाठी प्रत्येकाने स्वतःविषयी न लिहिता दुसऱ्याविषयी लिहावे: मुलीने आईचे, नातवाने आजोबांचे, दिराने वहिनींचे. कर्ज फिटले, तंबाखू सुटली, भावकीतला जुना वाद मिटला, याही नोंदी त्याच पानावर याव्यात.

प्रवासाविषयी थोडेच पण नेमके लिहावे. ‘खिद्रापूरला जाऊन आलो’ या वाक्यातून काहीच उरत नाही. कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपात उभे राहिल्यावर छताच्या गोल मोकळ्या भागातून ऊन नेमके कोठे पडले होते आणि तेव्हा सोबत कोण होते, हे लिहिले तर ती सहल पुढेही ओळखता येते. नृसिंहवाडीला पावसाळ्यात गेला असाल, तर पाणी मंदिरात शिरले होते का, दक्षिणद्वार सोहळा, म्हणजे पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडणाऱ्या पाण्यातले स्नान, मिळाला का, हे तारखेसह नोंदवावे, कारण त्याचा दिवस नदीच्या पाण्यावर ठरतो.

सणांचे मात्र वर्णन करत बसू नये. दसरा चौकातले सोने लुटणे, ललितापंचमीची त्र्यंबोलीची यात्रा, चैत्रातला जोतिबा हे दरवर्षीचेच आहे. यंदा काय वेगळे झाले, तेवढे लिहावे. पुरणाचा घाट पहिल्यांदा सुनेने घातला, पुण्याचे काका गुडघ्यांमुळे येऊ शकले नाहीत, आत्या बऱ्याच वर्षांनी माहेरी राहिल्या, यांतून घर कसे बदलत आहे ते कळते. लग्न झाले असेल, तर आहेराची यादी वहीत उतरवून प्रत्येक नव्या पाहुण्यापुढे त्याचे गाव आणि नाते लिहावे. पुढच्या कार्याची आमंत्रणे काढताना हेच पान उघडावे लागते.

मृत्यू, नापास होणे, मोडलेली सोयरीक यांना स्वतंत्र पान द्यावे आणि ज्याचे दुःख आहे, त्याला विचारूनच ते लिहावे. तो नको म्हणाला, तर फक्त तारीख ठेवावी.

सगळे लिहून झाल्यावर एका संध्याकाळी मोठ्याने वाचन करावे, दुरुस्त्या समासात कराव्यात आणि सर्वांनी खाली सह्या कराव्यात, लहान मुलांनीही. वही खालच्या कपाटात ठेवू नये. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या या शहरात ती माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर ठेवावी आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून परगावी राहणाऱ्या लेकीकडे किंवा भावाकडे त्याच आठवड्यात पाठवावा.